चाळणीतून निसटलेली ओळ

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मधील लिनक्सच्या चाळण्यांवरील मराठी धड्यांचे परीक्षण

धडगावच्या पुढे, सातपुड्याच्या एका सोंडेवर असलेल्या आश्रमशाळेतला संगणक उन्हाळी सुट्टीनंतर सुरूच झाला नाही. संगणक जुना, कुणी तरी देणगी म्हणून दिलेला. त्यावर लिनक्स बसवलेले होते. यंत्राची किंमत फारशी नव्हती, पण त्याच्या हार्ड डिस्कवर तीन वर्षांचे काम होते. मुलांनी सुट्टीत घरी जाऊन आजी-आजोबांकडून ऐकलेले पावरी शब्द, गोष्टी, झाडापाल्याची नावे आणि त्यांचे उपयोग असे सारे आवाजाच्या फाइलींत साठवलेले होते. दुसरी प्रत नव्हती. ती का नव्हती हा वेगळा विषय आहे, आणि त्याची टोचणी शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना माझ्याहून अधिक आहे.

मी डिस्क काढून आणली आणि दुसऱ्या संगणकाला जोडली. बऱ्याच फाइली निघाल्या, बऱ्याच निघाल्या नाहीत. ज्यांचे आवाज गेले त्यांपैकी दोन आजोबा आता हयात नाहीत.

मला अस्वस्थ केले ते पुढच्या गोष्टीने. हे सर निष्काळजी मुळीच नव्हते. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते संगणकाची नोंदवही, म्हणजे सिस्टिम लॉग, तपासत. त्यासाठी त्यांनी वहीत दोन रकाने आखले होते: तारीख, आणि ‘एरर’ हा शब्द असलेल्या ओळींची संख्या. मार्च-एप्रिलच्या सगळ्या शनिवारांपुढे लहान लहान, एकसारखे आकडे होते. काळजीचे काही दिसत नव्हते.

प्रत्यक्षात त्याच आठवड्यांत डिस्क दर अर्ध्या तासाने आपण आजारी असल्याचे लिहून ठेवत होती. डिस्कवर देखरेख ठेवणाऱ्या ‘स्मार्ट-डी’ या कार्यक्रमाची ओळ लॉगमध्ये पुनःपुन्हा आली होती. तिचा अर्थ असा: सध्या आठ सेक्टर वाचता येत नाहीत. पुढे आठाचे चोवीस झाले, आणि मग त्याहूनही अधिक. या ओळीत ‘एरर’ हा शब्द नाही. मग सरांच्या वहीतले आकडे कशाचे होते? संगणक सुरू होताना डिस्क जोडली गेल्याची जी शुभवार्ता लॉगमध्ये येते, तिच्यात ‘एरर्स=रिमाउंट-आरओ’ अशी एक अट छापली जाते. चूक आढळली तर लिहिणे बंद करा, फक्त वाचू द्या, एवढाच तिचा अर्थ. म्हणजे चाळणीत सापडलेल्या ओळी आनंदाच्या होत्या आणि संकटाची ओळ चाळणीतून खाली पडत होती.

सर ही चाळणी शिकले होते ते ‘स्पोकन ट्युटोरियल’च्या मराठी धड्यांतून. म्हणून मी ते धडे पुन्हा, टाचण करत, पाहिले. हे परीक्षण त्यातून झाले आहे.

धड्यांचे गुण

‘स्पोकन ट्युटोरियल’ हा आयआयटी मुंबईचा प्रकल्प आहे. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली तो उभा राहिला आणि केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक राष्ट्रीय मोहिमेतून त्याला निधी मिळाला. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, पडद्यावर चाललेले काम आणि त्यासोबत बोलणारा आवाज, असे त्याचे स्वरूप आहे. आवाज भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित केला जातो, त्यामुळे मराठीतही हे धडे ऐकता येतात. ते फुकट आहेत, उतरवून घेता येतात, आणि नेटवर्क नसलेल्या जागी चालतात. अक्राणी तालुक्यातल्या शिक्षकाला या शेवटच्या गुणाचे मोल सांगायला नको.

शिकवण्याची पद्धतही चांगली आहे. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा लावायचा, उरलेल्या अर्ध्यात स्वतः आज्ञा टंकायची, मध्येच धडा थांबवायचा, आपले उत्तर ताडून पाहायचे आणि पुढे जायचे. ‘पाहिले म्हणजे आले’ हा भ्रम ही पद्धत टिकू देत नाही. शिक्षकाशिवाय शिकणाऱ्याला एवढा हात दुसरे कोणी क्वचितच देते.

आपल्या विषयाशी संबंध येतो तो लिनक्सच्या मालिकेतील चाळण्यांच्या धड्यांचा. साध्या चाळण्यांच्या धड्यात फाइलीचा वरचा भाग दाखवणारी ‘हेड’, खालचा भाग दाखवणारी ‘टेल’, क्रम लावणारी ‘सॉर्ट’ आणि रकाना कापून देणारी ‘कट’ या आज्ञा येतात. मग ‘ग्रेप’वर स्वतंत्र धडे आहेत. त्यांत विद्यार्थ्यांची एक छोटी फाइल घेतली आहे. क्रमांक, नाव, शाखा, गुण, निकाल, विद्यावेतन असे खाने आहेत आणि दोन खान्यांमध्ये उभी रेघ आहे. संगणक शाखेची मुले कोणती, उत्तीर्ण नसलेली कोणती, ओळी किती, कितव्या क्रमांकावर, हे प्रश्न एकेक करून सोडवले जातात. पुढच्या धड्यात ‘चौधरी’ हे आडनाव इंग्रजीत वेगवेगळ्या वर्णलेखनांनी आले तर एकाच नमुन्याने सगळे कसे पकडावेत हे दाखवले आहे. हे उदाहरण मला फार आवडले. खानदेशात चौधरी कमी नाहीत. आणि हजेरीपटावरचे वसावे, पाडवी, वळवी इंग्रजीत लिहिताना व्ही की डब्ल्यू, मध्ये ए आहे की नाही, हा घोळ आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शिक्षकाने ऑनलाइन याद्या भरताना भोगलेला आहे.

थोडक्यात, आज्ञा कशी लिहावी हे शिकवण्यात धडे यशस्वी आहेत. माझी तक्रार पुढची आहे. गुणपत्रिका चाळणे आणि लॉग चाळणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले शिकलेल्याला दुसरे आपोआप येते असे धडे नकळत सुचवतात.

‘ग्रेप’ आली कोठून?

हा फरक समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ साली युनिक्सचा जन्म झाला. तिच्यात ‘एड’ नावाचा संपादक होता. ‘सगळ्या फाइलीत, या नमुन्याशी जुळणाऱ्या ओळी, छाप’ अशी एक आज्ञा त्यात देता येई. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘ग्रेप’ हे नाव आले. १९७३ साली केन थॉम्प्सन यांची ही स्वतंत्र आज्ञा युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत दाखल झाली. त्याच वर्षी डग मॅक्‌इलरॉय यांच्या आग्रहावरून थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये ‘पाइप’ आणला. एका आज्ञेतून निघालेले दुसरीत सोडायचे, दुसरीतले तिसरीत. शेतात नळीला नळी जोडतात तसे.

या नळ्यांची ताकद १९८६ साली एका गाजलेल्या परीक्षणातून दिसली. एखाद्या मजकुरात सर्वाधिक वेळा आलेले शब्द छापून देणारा कार्यक्रम लिहा, असे जॉन बेंटली यांनी संगणकशास्त्राच्या एका नियतकालिकातील आपल्या सदरासाठी डोनल्ड कनूथ यांना सांगितले. कनूथ यांनी कित्येक पानांचा, अत्यंत देखणा कार्यक्रम लिहिला. परीक्षण मॅक्‌इलरॉय यांच्याकडे होते. त्यांनी कनूथांच्या कौशल्याला दाद दिली आणि मग तेच काम करणाऱ्या सहा आज्ञांची एक साखळी मांडली: शब्द सुटे करा, मोठी लिपी लहान करा, क्रम लावा, सारखे मोजा, मोजणीप्रमाणे उतरता क्रम लावा, वरचे हवे तेवढे ठेवा. तयार, पारखलेली हत्यारे जोडून काम होत असेल तर नवे हत्यार घडवत बसू नये, हा त्यातला धडा.

वेगाचेही एक रहस्य सांगण्यासारखे आहे, कारण ते वर्गात खडूने दाखवता येते. ‘अडगळ’ हा चार अक्षरी शब्द लांबलचक मजकुरात शोधायचा आहे. आपण पहिल्या अक्षरापासून जुळवू लागतो. बॉयर आणि मूर यांनी १९७७ साली सुचवले की शब्दाच्या शेवटापासून पाहा. मजकुराचे चौथे अक्षर पाहिले आणि ते ‘त’ निघाले. ‘अडगळ’मध्ये ‘त’ नाहीच. म्हणजे या चार अक्षरांत कुठूनही हा शब्द सुरू होऊन ‘त’वरून जाऊ शकत नाही. तेव्हा एकदम चार घरे पुढे उडी मारा. नशीब चांगले असेल तर शंभर अक्षरांपैकी पंचवीसच पाहावी लागतात, आणि शोधायचा शब्द जितका लांब तितकी उडी मोठी. लिनक्सवर असणारी जीएनयू ‘ग्रेप’ साधे शब्द शोधताना याच कल्पनेचा आधार घेते.

यातूनच कार्यक्षम गाळणीचे नियम निघतात. नमुन्याची गरज नसेल तर ‘हा सरळ शब्द आहे’ असे ‘ग्रेप’ला सांगावे. साखळीत आधी ढीग कमी करणारी आज्ञा असावी, मग क्रम लावणारी. ‘ग्रेप’ ओळ आली की निवडते आणि पुढे पाठवते, पण ‘सॉर्ट’ला शेवटची ओळ हाती येईपर्यंत पहिली ओळ सोडता येत नाही. लाख ओळींना क्रम लावून त्यांतल्या वीस निवडण्यापेक्षा वीस निवडून त्यांनाच क्रम लावावा. हा विचार मालिकेत ठळकपणे यायला हवा होता, कारण छोट्या फाइलीवर दोन्ही मार्गांना सारखाच वेळ लागतो आणि शिकणाऱ्याला फरक कधी जाणवतच नाही.

उणीव पहिली: स्वच्छ धान्यावर चालवलेली चाळणी

धड्यातल्या फाइलीत प्रत्येक ओळीला तेच खाने आहेत, आणि निकालाच्या खान्यात काय काय येऊ शकते हे आधीच ठाऊक आहे. लॉग तसा नसतो. ओळीच्या सुरुवातीला तारीख-वेळ, यंत्राचे नाव, लिहिणाऱ्या कार्यक्रमाचे नाव एवढे बरे असते. त्यानंतर ज्याने त्याने आपल्या मर्जीने लिहिलेले वाक्य येते. एक कार्यक्रम ‘फेल्ड’ लिहितो, दुसरा ‘अनेबल टू’, तिसरा ‘टाइम्ड आउट’, आणि स्मार्ट-डी ‘अनरीडेबल’. गुणपत्रिकेत ‘नापास’ला एकच शब्द असतो. लॉगमध्ये नापासाला शंभर शब्द आहेत आणि त्यांची यादी कोणाकडेही नाही.

शिवाय लॉग एका फाइलीत राहत नाही. तो वाढत जाऊन डिस्क भरू नये म्हणून यंत्र दर दिवशी किंवा दर आठवड्याला, जशी मांडणी असेल तशी, जुनी वही बाजूला ठेवून नवी उघडते, आणि त्याहून जुन्या वह्या दाबून लहान करते. साधी ‘ग्रेप’ चालू वहीत शोधते. दाबलेल्या वह्यांसाठी ‘झेड-ग्रेप’ लागते. शनिवारी सरांनी पाहिलेली वही कदाचित शुक्रवारीच उघडलेली असेल.

उणीव दुसरी: निवडणे शिकवले, पाखडणे राहिले

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर गेलेल्या वाचकाला हे लगेच पटेल. तिथे काम करणाऱ्या बायकांची नजर चांगल्या लाल मिरचीला सरावलेली असते. तिच्यात जे बसत नाही ते हात उचलतो. मग ती फटकी असो, खडा असो, किंवा पूर्वी कधी न पाहिलेले काही असो. वाईटाची यादी पाठ करावी लागत नाही. चांगले ओळखता येणे पुरते.

लॉगचेही असेच करायला हवे. संकटाचा शब्द निवडण्याऐवजी रोजच्या, निरुपद्रवी ओळी बाहेर टाकाव्यात आणि उरेल ते डोळ्यांनी वाचावे. ‘ग्रेप’ला ‘व्ही’ हा पर्याय दिला की ती जुळणाऱ्या ओळी सोडून उरलेल्या दाखवते. धड्यात हा पर्याय आहे, पण ‘उत्तीर्ण नसलेले’ काढण्यापुरता. त्याचे खरे सामर्थ्य असे की तो आपल्याला न सुचलेल्या गोष्टी समोर आणतो. ओळखीच्या ओळींचे नमुने एका फाइलीत लिहून ठेवता येतात आणि ती फाइल ‘ग्रेप’च्या हाती देऊन सगळे एका फटक्यात वगळता येते. दर शनिवारी त्या फाइलीत दोन-चार नमुन्यांची भर पडते आणि वाचायच्या ओळी कमी होत जातात. सरांनी असे केले असते तर पहिल्याच शनिवारी ‘आठ सेक्टर वाचता येत नाहीत’ ही ओळ पडद्यावर उरली असती. ती वाचून अर्थ कळायला ‘एरर’ या शब्दाची गरज नव्हती.

उणीव तिसरी: मोजणीचा क्रम

मॅक्‌इलरॉय यांची साखळी लॉगवर चालवून पाहावी असा मोह होतो. सारख्या ओळी मोजणारी ‘युनिक’ ही आज्ञा फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करते, म्हणून आधी ‘सॉर्ट’ लागते. पण तेवढ्याने भागत नाही. प्रत्येक ओळीला वेगळी वेळ चिकटलेली असल्यामुळे कुठल्याच दोन ओळी सारख्या ठरत नाहीत. म्हणून आधी वेळेचा भाग कापावा, आणि उरलेल्या ओळीतले सर्व अंक ‘सेड’ आज्ञेने एकाच खुणेत बदलावेत. मग हजारो ओळींच्या पन्नास-साठ जाती उरतात. आता मोजा.

इथे मॅक्‌इलरॉय यांच्या साखळीतला एक दुवा उलटा करावा लागतो. त्यांना सर्वांत जास्त वेळा येणारे शब्द हवे होते, आपल्याला सर्वांत कमी वेळा येणाऱ्या ओळी हव्या आहेत. हजारदा येणारी ओळ बहुधा यंत्राची रोजची बडबड असते. स्मार्ट-डीची तपासणी नेहमीच्या मांडणीत दर अर्ध्या तासाने होते. शाळेचा संगणक दिवसाला सहा तास चालला तर अशा ओळी साधारण बारा. बडबडीच्या ढिगाखाली बारा ओळी कुठे दिसणार? चढता क्रम लावला की त्या वर येतात.

अर्थात प्रत्येक चाळणी काहीतरी लपवते, ही सुद्धा. अंक झाकले की आठाचे चोवीस झाले हेही झाकले जाते. म्हणून जात सापडली की मूळ ओळींकडे परत जावे. गाळलेले हे फक्त बोट दाखवते, पुरावा मूळ वहीत असतो. प्रयोगशाळेत काम करणारा माणूस हे पहिल्या वर्षी शिकतो, आणि संगणकाच्या वर्गात ते कोणी सांगत नाही.

उणीव चौथी: शिक्का फेकून दिलेली वही

लॉग लिहिण्याची ‘सिसलॉग’ ही पद्धत १९८०च्या दशकात बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी ‘सेंडमेल’ या टपाल-कार्यक्रमासाठी घडवली. तिच्यात प्रत्येक नोंदीला गंभीरतेचा शिक्का असतो. शून्य ते सात अशा आठ पायऱ्या. शून्य म्हणजे यंत्रच निकामी, सात म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यापुरती किरकोळ माहिती. गंमत अशी की नेहमीच्या मजकुरी वहीत ओळ लिहिताना हा शिक्का बहुधा छापला जात नाही. लिहिणाऱ्याने सांगितलेले वाचणाऱ्यापर्यंत पोचतच नाही, आणि मग आपण शब्दांवरून गंभीरता ओळखू पाहतो.

अलीकडच्या बहुतेक लिनक्समध्ये ‘सिस्टिम-डी’ची जर्नल नावाची वेगळी नोंदवही असते. तिच्यात शिक्का जपलेला असतो, आणि ‘जर्नल-सीटीएल’ या आज्ञेने अमुक पायरीपेक्षा गंभीर नोंदी, अमुक कार्यक्रमाच्या नोंदी, अमुक वेळेनंतरच्या नोंदी असे थेट मागता येते. आपल्या संगणकावरच्या त्या ओळीवर ‘क्रिटिकल’ असा दुसऱ्या पायरीचा शिक्का होता. एकही शब्द न शोधता ती सापडली असती. कार्यक्षमतेच्या दृष्टीनेही हेच बरे, कारण अख्खी वही ओळ न ओळ वाचण्याऐवजी जर्नल आपल्या सूचीच्या आधाराने हव्या त्या भागाकडे जाते.

एक इशारा मात्र द्यायला हवा. वेळेनुसार मागताना यंत्राचे घड्याळ बरोबर असावे लागते. जुन्या संगणकातली बटणाएवढी बॅटरी संपली की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे मी सांगायला नको. अशा वेळी तारखेऐवजी ‘यंत्र शेवटचे सुरू झाल्यापासून’ अशी मागणी करावी. जर्नल तीही ऐकते.

उणीव पाचवी: मराठी फक्त कानात

धड्यांचा आवाज मराठी आहे, पडद्यावरचे सारे इंग्रजीच राहते. आज्ञा इंग्रजी असणारच, पण फाइलही इंग्रजीच. त्यामुळे मराठी मजकूर चाळताना काय होते हे शिकणाऱ्याला कळत नाही. आश्रमशाळेच्या फाइलींत ‘डोंगऱ्या देव’ नावाची एक होती. तिची नोंद यादीत डोळ्यांना दिसत होती, पण ‘ग्रेप’ला सापडेना. कारण ‘ऱ्या’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येते. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात. ‘ग्रेप’ मात्र साठवलेले पाहते, दिसणारे नव्हे. मराठी धड्यात मराठीचीच ही अडचण यायला हवी. ती मुंबईत बसूनही सुचायला हरकत नव्हती.

हे आपल्याला का महत्त्वाचे?

एखादा शिक्षक म्हणेल, आम्हाला लॉगशी काय करायचे? देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, टेंभली गावी दिला गेला. तेव्हापासून यंत्रासमोर बोट टेकवणे हा खेड्यातल्या जगण्याचा भाग झाला आहे. यंत्र ‘नाही’ म्हणते तेव्हा बोट जुळले नाही, की नेटवर्क नव्हते, की पलीकडचे यंत्र बंद होते, हे कुठल्या तरी नोंदवहीत लिहिलेले असते. जो ती वही वाचू शकतो तो प्रश्न विचारू शकतो. आणि ज्याने ती चुकीच्या शब्दाने चाळली तो ‘आमच्याकडे काही चूक दिसत नाही’ असे अगदी प्रामाणिकपणे सांगू शकतो. आपल्या सरांनी वहीत दोन महिने तेच लिहिले होते.

रिकामा पडदा म्हणजे ‘काही घडले नाही’ असे नव्हे. ‘मी विचारलेला शब्द मी पाहिलेल्या फाइलीत नाही’ एवढेच तो सांगतो. या एका वाक्यासाठी धड्यातला एक मिनिट खर्च व्हायला हवा होता.

करून पाहा

या धड्यांना पर्याय म्हणून नव्हे, पुरवणी म्हणून पुढील गोष्टी वर्गात करता येतील.

१. कोणत्याही शोधानंतर जुळणाऱ्या ओळी मोजा, ‘व्ही’ लावून न जुळणाऱ्या मोजा, आणि बेरीज फाइलीच्या एकूण ओळींशी ताडून पाहा. न जुळणाऱ्यांतल्या कोणत्याही दहा ओळी वाचा. चाळणीने काय फेकले हे पाहण्याची सवय लागते.

२. लॉगमध्ये मुद्दाम एक ओळ घाला. ‘लॉगर’ नावाची आज्ञा त्यासाठीच आहे. मग आपल्या चाळणीत ती सापडते का पाहा. मासा सोडून जाळे तपासावे तसे. माहीत असलेला मासा न सापडणाऱ्या जाळ्यावर, तळ्यात मासे नाहीत असे म्हणता येत नाही.

३. या आठवड्याच्या ओळींच्या जाती गेल्या आठवड्याच्या जातींशी ताडा. जी जात गेल्या वेळी नव्हती ती फळ्यावर लिहा आणि तिचा अर्थ शोधा.

४. संगणक नसेल तर महिन्याचा हजेरीपट घ्या. ‘सर्वाधिक गैरहजर कोण’ हा प्रश्न सगळेच विचारतात. ‘नेहमी येणारे पण या आठवड्यात अचानक न आलेले कोण’ हा प्रश्न विचारून पाहा. दुसऱ्या यादीतल्या घरी जायला हवे.

‘स्पोकन ट्युटोरियल’च्या धड्यांनी दुर्गम भागातल्या शिक्षकाच्या हाती हत्यार दिले, हे उपकार मोठे आहेत. ते धडे मुक्त परवान्याखाली आहेत, म्हणजे त्यांत भर घालायला कोणाची आडकाठी नाही. एखाद्या शाळेच्या खऱ्याखुऱ्या, गबाळ्या लॉगवर बेतलेला आणखी एक दहा मिनिटांचा धडा मराठीत व्हावा एवढीच सूचना आहे.

सरांनी वही टाकली नाही. शनिवारचा रकाना आता बदलला आहे. ‘एरर: १’ ऐवजी ते ‘नवीन ओळी’ असे लिहितात आणि खाली त्या ओळी उतरवून घेतात. शेजारी तिसरा रकाना आहे: ‘दुसरी प्रत घेतली’. नव्या वर्षाच्या मुलांनी पुन्हा शब्द जमवायला सुरुवात केली आहे. त्या दोन आजोबांच्या गोष्टी आता त्यांच्या नातवंडांना आठवतील तेवढ्याच.